मोबाईल-वापराच्या इतिहासाचीं साधनें व त्यांची पारख

(१) उद्देश

इतिहासाचें संशोधन म्हणजे आरंभीं साधनांचें संशोधन होय, हें सूत्र आतां नव्यानें सिद्ध करण्याची गरज उरलेली नाहीं. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हांपासून बखर व अस्सल पत्र यांच्या प्रामाण्यांतील भेद मराठी अभ्यासकांच्या अंगवळणीं पडला आहे. परंतु ज्या कागदांस आपण ही कसोटी लावीत आलों, ते बहुधा दोनअडीचशें वर्षांपूर्वींचे. आपल्या डोळ्यांदेखत जें स्थित्यंतर घडलें, त्याच्या साधनांसहि तीच कसोटी लावून पाहणें अवश्य आहे. कारण तें स्थित्यंतर पाहिलेलीं माणसें हयात आहेत तोंवरच साधनांतील उणीव भरून काढितां येते. हें स्थित्यंतर म्हणजे मोबाईल फोनचा प्रसार. लोकांनीं ह्या यंत्राचा उपयोग कसा केला, हें ठरविण्यास कोणतीं साधनें उपलब्ध आहेत, त्यांपैकीं कोणतें साधन कोणत्या प्रश्नाचें उत्तर देऊं शकतें, आणि कोठें त्याची साक्ष संपते, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

(२) गणती व तिचें एकक

पहिलें साधन गणतीचें. भारतांतील पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजीं झाला; पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस तत्कालीन दळणवळण-मंत्री सुखराम यांच्याशीं संभाषण केलें. त्यानंतर एकवीस वर्षांच्या आंत, म्हणजे मार्च २०१६ अखेर, दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या हिशेबांत मोबाईल-जोडण्यांचा आंकडा १०३ कोटींवर गेलेला दिसतो. हा एकच आंकडा हातीं आला, तर देशांतील बहुतेक प्रौढ स्त्रीपुरुषांजवळ स्वतःचा फोन होता, असें अनुमान कोणीहि करील. परंतु राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीची चौथी फेरी २०१५-१६ सालींच झाली, आणि तींत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांस, स्वतः वापरावयाचा असा मोबाईल तुमच्याजवळ आहे काय, असा प्रश्न विचारला होता. त्यास होकार देणाऱ्या स्त्रिया शेंकडा ४५.९ निघाल्या. २०१९-२१ च्या पांचव्या फेरींतहि हें प्रमाण शेंकडा ५३.९ पर्यंतच पोहोंचलें.

या आंकड्यांपैकीं खोटा कोणताच नाहीं. एका ठिकाणीं जोडणी मोजली, दुसऱ्या ठिकाणीं व्यक्ति मोजली. २०११ च्या जनगणनेनें तिसरेंच एकक घेतलें, तें घर. आणि शेंकडा ६३.२ घरांत कोणत्या ना कोणत्या प्रकारचा टेलिफोन असल्याचें नोंदविलें. आतां एका मनुष्याजवळ दोन सिम-कार्डें असूं शकतात, आणि एका फोनवर सबंध घराचें काम चालूं शकतें. जोडणी बापाच्या नांवची, यंत्र मुलाच्या खिशांत, आणि माहेरची खुशाली विचारावयास तें घटकाभर मागून घेणारी सून, असा प्रकार असल्यास गणतींत दिसतो तो बाप, आणि जिच्यासाठीं त्या यंत्राचें मोल सर्वांत अधिक ती मुळींच दिसत नाहीं. जुन्या खानेसुमारींत उंबरे मोजले कीं माणसें मोजलीं, हें पाहिल्यावांचून गांवची वस्ती कोणी ठरवीत नाहीं. तोच नियम येथेंहि पाळला पाहिजे. एकक ठरल्यावांचून आंकडा घेऊं नये.

(३) तोंडची हकीगत व यंत्राची नोंद

दुसरें साधन प्रश्नावलीचें. दिवसांतून किती वेळां फोन केला, किती वेळ बोललां, असें लोकांस विचारावयाचें व उत्तरें टिपून घ्यावयाचीं. ह्या पद्धतीस खर्च कमी, म्हणून आरंभींच्या अभ्यासांत तिचाच अवलंब पुष्कळ झाला. परंतु दिवसांतून पन्नास वेळां सहज होणारी क्रिया मोजून लक्षांत ठेवणें मनुष्यस्वभावास धरून नाहीं. जेफ्री बोस व रिच लिंग यांनीं नॉर्वेंतील लोकांचीं अशीं उत्तरें दूरध्वनि-कंपनीच्या नोंदींशीं ताडून पाहिलीं व २०१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. सांगितलेला व नोंदलेला वापर यांचा मेळ बेताचाच आढळला. २०२१ सालीं डग्लस पॅरी व त्यांचे सहकारी यांनीं अशा १०६ तुलना एकत्र करून तपासल्या. पूर्ण मेळास १ व मुळींच मेळ नसल्यास ० धरिलें, तर त्यांस मिळालेला आंकडा सुमारें ०.३८ होता. तात्पर्य, लोकांच्या तोंडच्या हकीगतीस बखरीचीच योग्यता द्यावी लागते. ती टाकाऊ नव्हे. परंतु तींतील संख्या व कालमान यांवर विसंबतां येत नाहीं.

मग तिसरें साधन, म्हणजे यंत्राची स्वतःची नोंद, हेंच अस्सल पत्र समजावें असें सहज वाटतें. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें नेथन ईगल व अलेक्स पेंटलंड यांनीं २००४-०५ सालीं विद्यार्थी व कर्मचारी यांस नोकिया फोन देऊन हा प्रयोग केला. फोन कोणास केला, फोन कोणत्या टॉवरच्या टापूंत होता, आणि जवळपास दुसऱ्या कोणाचा फोन होता, हें सर्व यंत्रच टिपीत असे. ९४ व्यक्तींच्या नोंदींवरून २००९ सालीं जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यांत दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, कोण कोणाच्या सहवासांत किती होतें, याविषयींचें लोकांचें सांगणें व यंत्राची नोंद यांत फरक पडला. दुसरी ही कीं, मित्र कोण व केवळ सहकारी कोण, हें सहवासाच्या एकूण तासांवरून ठरलें नाहीं. कामाची वेळ व जागा सोडून, आठवड्याच्या अखेरीस, कोण एकत्र आढळतात, यावरून तें ओळखितां आलें. म्हणजे नोंद असली तरी तिचा अर्थ लावण्यास त्या समाजाचा दिनक्रम ठाऊक असावा लागतो. शनिवारची रात्र अमेरिकन विद्यार्थ्यास काय असते, हें नोंदवही सांगत नाहीं. तें अभ्यासकास आधींच माहीत होतें.

(४) लखोटा आहे, पत्र नाहीं

यंत्राच्या नोंदीची मर्यादा याहूनहि मूलगामी आहे. कंपनीच्या दफ्तरांत क्रमांक, वेळ, अवधि व टॉवर हीं नोंदलेलीं असतात. बोलण्यांतील मजकूर नसतो. जुन्या कागदांची भाषा वापरावयाची तर आपल्या हातीं लखोटा लागतो, आंतील पत्र नाहीं. कोणी, कोणास, कोठून व केव्हां, हें लखोट्यावरून कळतें. परंतु लखोटा ज्याच्या नांवचा त्यानेंच पत्र लिहिलें, हें सुद्धां त्यावरून सिद्ध होत नाहीं.

शिवाय कांहीं व्यवहार असे आहेत कीं, ज्यांचा हेतु खर्चाची नोंद होऊं न देणें हाच होता. 'मिस्ड कॉल' देण्याची चाल ही त्यांपैकीं मुख्य. समोरची घंटा एकदोनदां वाजवावयाची आणि त्यानें उचलण्यापूर्वीं फोन बंद करावयाचा. संकेत आधीं ठरलेला असतो: पोहोंचलों, खालीं ये, किंवा तूं मला फोन कर. बिलाच्या दृष्टीनें येथें कांहींच घडलें नाहीं. प्रत्यक्षांत निरोप गेला, पोहोंचला व समजला. जोनाथन डोनर यांनीं रवांडा देशांत ह्याच चालीचा अभ्यास करून २००७ सालीं तिचे तीन प्रकार सांगितले: उलट फोन करण्याची विनंति, ठरलेल्या कामाचा इशारा, आणि केवळ आठवण काढल्याची खूण. तेथील लोकांच्या मुलाखतींतून त्यांस असेंहि आढळलें कीं, ह्या चालीस शिष्टाचार आहे; ज्याची ऐपत अधिक त्यानें पैसे द्यावेत, असा तो संकेत. असा नियम आंकड्यांच्या वहींत कोठेंहि लिहिलेला सांपडणार नाहीं.

पेशवेकालीन पत्रव्यवहार वाचणारास हा अनुभव नवा नाहीं. महत्त्वाचा मजकूर पत्र नेणारा मुखजबानीं सांगेल, एवढेंच लिहून पत्र संपतें, आणि जें जाणून घ्यावयाचें तेंच कागदाबाहेर राहतें. फरक इतकाच कीं, तेथें कांहीं वगळलें आहे याची सूचना तरी पत्रांत मिळते. मिस्ड कॉलची बिलांत सूचनाहि नाहीं.

चाल समजण्यास तत्कालीन दर माहीत पाहिजेत. भारतांत आरंभीं आलेल्या कॉललाहि पैसे पडत. २००३ सालीं ही आकारणी बंद झाली. ५ सप्टेंबर २०१६ पासून रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यावर कॉलचा स्वतंत्र आकार जवळजवळ नाहींसा झाला, आणि त्याबरोबर पैसे वांचविण्यासाठीं मिस्ड कॉल देण्याचें कारणहि उरलें नाहीं. उलट संभाषणाचा मोठा भाग व्हॉट्सॲपसारख्या साधनांवर गेला, जेथील कॉल दूरध्वनि-कंपनीच्या कॉल-नोंदवहींत येत नाहींत. अशा स्थितींत एखाद्या मनुष्याचे नोंदलेले कॉल २०१४ पेक्षां २०१८ सालीं कमी दिसले, म्हणून त्याचें बोलणें कमी झालें असें म्हणणें म्हणजे, दफ्तर दुसऱ्या वाड्यांत नेलें म्हणून राज्य बुडालें असें म्हणण्यासारखें होय.

मिस्ड कॉलचा सार्वजनिक उपयोगहि झाला. २०११ सालीं अण्णा हजारे यांच्या लोकपाल-आंदोलनास पाठिंबा दर्शविण्यासाठीं एका ठराविक क्रमांकावर मिस्ड कॉल देण्याचें आवाहन करण्यांत आलें होतें. ज्यास सही करितां येत नाहीं, त्यासहि अशा रीतीनें मत नोंदवितां आलें. परंतु येथेंहि मोजले गेले ते फोन. त्यामागें माणसें किती होतीं, तें वरील दुसऱ्या कलमांतील विवेचनावांचून ठरत नाहीं.

(५) केरळचा किनारा, १९९६ ते २००१

साधनें इतकीं अपुरीं असतां खात्रीचें ज्ञान मिळतच नाहीं काय, अशी शंका येथें उद्भवते. तिचें समाधान केरळच्या एका अभ्यासानें होण्यासारखें आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा हा निबंध २००७ सालीं प्रसिद्ध झाला. उत्तर केरळांतील कोझिकोडे, कण्णूर व कासारगोड ह्या तीन जिल्ह्यांतील १५ किनारी बाजार व तारली पकडणाऱ्या ३०० नौका त्यांनीं निवडल्या, आणि सप्टेंबर १९९६ पासून मे २००१ पर्यंत दर मंगळवारीं त्यांचा भाव, विक्री व विक्रीचें ठिकाण टिपून घेतलें.

मोबाईल येण्यापूर्वींची स्थिति अशी होती कीं, मच्छीमार ज्या गांवचा त्याच गांवच्या किनाऱ्यावर मासे उतरीत असे. शेजारच्या बाजारांत भाव काय आहे हें समुद्रांत कळण्यास मार्ग नव्हता, आणि तेथें जाऊन पाहावें तर इंधन जळे व बाजाराची वेळ टळे. १४ जानेवारी १९९७ रोजीं वडकरा येथें गिऱ्हाईक नाहीं म्हणून ११ मच्छीमार आपले मासे टाकून देत होते; त्याच वेळीं १५ किलोमीटरच्या आंत २७ खरेदीदार मासे न मिळाल्यामुळें रिकाम्या हातांनीं परतण्याच्या बेतांत होते. एकाच सकाळीं, एकाच किनाऱ्यावर नासाडी व टंचाई शेजारीं शेजारीं नांदत होत्या. एकंदरींत पकडलेल्या मासळीपैकीं शेंकडा ५ ते ८ ह्याप्रमाणें वायां जाई.

मोबाईलची सेवा कोझिकोडे भागांत जानेवारी १९९७, कण्णूर भागांत जुलै १९९८ व कासारगोड भागांत मे २००० मध्यें सुरू झाली. किनाऱ्यालगतच्या टॉवरांमुळें समुद्रांत २०-२५ किलोमीटरपर्यंत फोन लागूं लागला. त्यानंतर ज्या ज्या भागांत फोन आला, त्या त्या भागांत क्रमानें बाजारांतील भावांची तफावत ओसरली, मासे टाकून देणें जवळजवळ थांबलें, आणि शेंकडा ३० ते ४० मच्छीमार आपला गांव सोडून दुसरीकडे विकूं लागले. मच्छीमारांचा नफा सरासरीनें शेंकडा ८ वाढला, आणि गिऱ्हाइकास पडणारा भाव शेंकडा ४ उतरला.

ह्या अभ्यासाचें बळ कशांत आहे, हें नीट पाहिलें पाहिजे. मोबाईलच्या उपयोगाविषयीं जो पुरावा सर्वांत अधिक उल्लेखिला जातो, त्याचा कणा फोनची नोंदवही नसून मासळीच्या भावाचें टिपण आहे. दुसरें असें कीं, टिपण फोन येण्यापूर्वीं सुरू झालें. त्यामुळें पूर्वस्थिति आठवणीवरून रचावी लागली नाहीं. तिसरें असें कीं, तीन भागांत फोन निरनिराळ्या वेळीं आला. म्हणून कण्णूरास फरक पडला तेव्हां कासारगोडास तो पडला होता काय, असें विचारतां आलें. पाऊस, इंधनाचा दर किंवा मासळीचा हंगाम हींच कारणें असतीं, तर तिन्ही ठिकाणीं फरक एकदम दिसला असता. समकालीनता, पूर्वस्थितीची नोंद व तुलनेस दुसरें स्थळ, हीं तीन अंगें जेथें जुळतात तेथें अनुमानास प्रमाणाची योग्यता येते.

(६) दुसरी साक्ष

तथापि ह्या टिपणानें काय सिद्ध झालें व काय झालें नाहीं, याचा विवेक करावा लागतो. भाव एकसारखे झाले हें सिद्ध झालें. मच्छीमार फोनवर एकमेकांशीं काय बोलले, हें भावाच्या आंकड्यावरून कळत नाहीं. त्यासाठीं चौथें साधन, म्हणजे लोकांत राहून केलेलें निरीक्षण, लागतें. टी. टी. श्रीकुमार यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, केरळच्या मच्छीमारांत मोबाईलमुळें परस्पर-सहकार्य कसें दृढ झालें, याकडे लक्ष वेधलें. जानकी श्रीनिवासन व जेना बरेल यांनीं २०१३ सालीं तोच विषय पुन्हां तपासून असें दाखविलें कीं, भावाची चौकशी हा फोनच्या अनेक उपयोगांपैकीं एक होय, आणि त्या चौकशीचा लाभ होणें हें किनाऱ्यावरील विक्रीच्या रीतीवर व मच्छीमारांच्या देण्याघेण्याच्या संबंधांवर अवलंबून असतें. दलालाकडून उचल घेऊन ज्यानें मासे त्यासच देण्याचें कबूल केलें, त्यास शेजारच्या बंदराचा चढा भाव कळून काय उपयोग? माहिती मिळाली, पण पाय बांधलेले राहिले.

ह्या दोन साक्षी परस्परांस खोडीत नाहींत. एक परिणाम सांगते, दुसरी तो परिणाम कोणत्या व्यवस्थेंत संभवतो हें सांगते. परंतु पहिलीच साक्ष घेऊन, फोन दिला कीं दारिद्र्य हटतें, असा सिद्धांत दूरदूरच्या देशांस लावणें मात्र सयुक्तिक नाहीं. जमेकांत हेदर हॉर्स्ट व डॅनिअल मिलर यांनीं गरीब कुटुंबांत दीर्घकाळ वावरून जें २००६ सालच्या ग्रंथांत लिहिलें, त्यांत फोनचा उपयोग अगदीं निराळा दिसतो. तेथील लोक पुष्कळ जणांस थोडा थोडा वेळ फोन करीत. त्यांत काम असें कांहीं नसे. ओळख जागती राहावी, म्हणजे अडल्या वेळीं हात पसरतां येईल, हें त्या बोलण्याचें प्रयोजन. केवळ अवधि मोजणारा अभ्यासक अशा कॉलला निरर्थक ठरवील. त्या घरांत बसलेल्या अभ्यासकास तोच संसाराचा आधार दिसला.

(७) जपणूक व मर्यादा

आतां एक व्यावहारिक प्रश्न उरतो. हीं साधनें पुढील पिढीस मिळतील काय? भारतांतील परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांनीं कॉलच्या नोंदी निदान एक वर्ष राखाव्यात असा नियम होता. २०२१ सालीं ती मुदत दोन वर्षे केली. पेशवे-दफ्तर दोन वर्षांनीं जाळलें असतें, तर आपणांस काय उरलें असतें, याची कल्पना करावी. परंतु उलट बाजूहि तितकीच खरी आहे. पेशवे-दफ्तरांतील माणसें दिवंगत आहेत. हीं माणसें जिवंत आहेत. इव्ह-अलेक्झांडर द मोंजुआ व सहकारी यांनीं २०१३ सालीं १५ लक्ष लोकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां नांव-क्रमांक काढून टाकल्यावरहि केवळ चार वेळांचीं स्थळें ठाऊक असल्यास शेंकडा ९५ जणांची नोंद इतरांपासून वेगळी काढितां येते, असें आढळलें. सबब सर्वांच्या नोंदी सरसकट राखून ठेवणें हा इतिहासाच्या नांवाखालीं केलेला पहारा होईल.

मार्ग मधला आहे. संमतीनें मिळेल तेवढेंच, पण संदर्भासह जमवावें. जुनीं बिलें, रिचार्जच्या पावत्या, फोन-क्रमांकांच्या हस्तलिखित वह्या, एस.टी.डी. बूथच्या नोंदवह्या, बंद पडलेल्या यंत्रांतील नांवांच्या याद्या, हे सर्व कागद व वस्तु आज रद्दींत जात आहेत. यादींत एखादें नांव कोणत्या उपाधीनें लिहिलें आहे, एवढ्यावरूनहि घरांतील मानपानाचा बोध होतो. त्यांबरोबर, हा फोन घरांत कोणाच्या हातीं असे, कोणास मागून घ्यावा लागे, मिस्ड कॉलचा संकेत काय ठरला होता, हें त्या त्या मनुष्याकडून विचारून, तारीख घालून, लिहून ठेवावें. कोंकण किनाऱ्यावरील मासळीच्या लिलावाच्या वह्या कोणाजवळ असतील, तर त्यांतील मोबाईल-पूर्वींचे भाव अशा टिपणाशेजारीं ठेवून पाहतां येतील, आणि केरळच्या निष्कर्षास तुलनेचें आणखी एक स्थळ मिळेल.

एकंदरींत असें दिसतें कीं, गणती विस्तार सांगते, हकीगत समजूत सांगते, यंत्राची नोंद क्रम सांगते, आणि सहवास अर्थ सांगतो. यांपैकीं एकावरून दुसऱ्याचें काम करून घेतलें कीं इतिहास बिघडतो. लखोटे जपण्यास यंत्रें समर्थ आहेत. आंत काय होतें, हें सांगणारीं माणसें मात्र दरवर्षीं कमी होत जाणार. म्हणून आरंभ माणसांपासून करावा, आणि त्यांतहि जिच्या नांवची जोडणी नव्हती तिच्यापासून करावा.